नेच्याच्या दांड्यावरचा फेस आणि आतली अळी : ही ब्लास्टिकोटोमा फिलिसेटीच का?

पानगळ

मध्य युरोपातील एका ओलसर, दाट सावलीच्या जंगलात लेडी फर्न या नेच्याच्या दांड्यांवर फेसाचे लहान लहान गोळे आढळले असून त्यांच्या ओळखीबाबत जाणकारांचे मत हवे आहे. जुलै सरत आला होता. प्रथमदर्शनी हा फेस गवतावर सर्रास दिसणाऱ्या फेसाळ तुडतुड्यांचाच वाटतो, परंतु दोन गोष्टी त्या समजुतीत बसत नाहीत. फेस हलक्या हाताने पुसून काढल्यावर खाली एकही किडा दिसला नाही; त्या जागी दांड्यालाच छिद्र पडलेले होते आणि छिद्राची कड तपकिरी झालेली होती. शिवाय मुंग्या त्या फेसाकडे पुन्हा पुन्हा येत होत्या आणि छिद्राच्या तोंडाशी थबकून काहीतरी टिपत होत्या. एक दांडा उभा चिरून पाहिला तेव्हा आतल्या पोकळीत मऊ, पांढुरकी अळी निघाली.

त्याच नेच्यांच्या बेटात जूनमध्ये जाळ्यात आलेला एक काळा, चार पंखांचा, कमरेला बारीक न झालेला कीटक माझ्याकडे अल्कोहोलमध्ये ठेवलेला आहे. त्याच्या शृंगिकांना, म्हणजे डोक्यावरच्या मिशांना, भिंगाखाली तीनच खंड मोजता येतात आणि त्यांतला तिसरा फार लांब आहे. ही करवतमाशी म्हणजे सॉफ्लाय असावी, इथपर्यंत मी पोहोचलो आहे. शृंगिकांवरून ती आर्जिडी कुळातील वाटते. अळीची राहणी मात्र त्या कुळाशी जुळत नाही. प्रौढ कीटक आणि अळी एकाच जातीचे आहेत, असे गृहीत धरण्यास काही आधार आहे का, हाही प्रश्न आहेच.

भिंगातून

आपण फेस पुसून पाहिलात, यातच निम्मी ओळख झाली आहे. फेसाळ तुडतुड्याचे पिल्लू दांड्याच्या बाहेरच्या अंगाला बसलेले असते, सोंड झाडात खुपसून रस ओढते आणि स्वतः फेसात बुडालेले राहते. त्यामुळे फेस दूर केला की सहा पायांचे, हिरवट किंवा पिवळसर पिल्लू तिथेच सापडले पाहिजे, आणि ते तिथून निघून गेले असेल तरी दांड्यात पोखरलेली जागा मागे राहणार नाही. सोंडेने रस पिणारा कीटक दांडा पोखरत नाही. ते काम चावणाऱ्या जबड्यांचेच.

फेस, आत पोखरलेला दांडा आणि मुंग्यांची ये-जा या तिन्ही गोष्टी नेच्यावर एकत्र दिसल्या, तर माझ्या माहितीत एकच नाव पुढे येते, ते ब्लास्टिकोटोमा फिलिसेटीचे. क्लुग यांनी १८३४ मध्ये तिचे वर्णन केले आणि ती ब्लास्टिकोटोमिडी या अगदी लहान कुळात मोडते. करवतमाश्यांच्या आठ हजारांहून अधिक जातींपैकी या कुळाच्या वाट्याला जेमतेम डझनभर जाती येतात. दांड्यात राहणारी तिची अळी झाडाच्या रसावर वाढते आणि नको असलेले पाणी मागच्या टोकाने छिद्रातून बाहेर टाकते. त्याचाच फेस होऊन तो छिद्राच्या तोंडाशी साचतो. मुंग्या येतात त्या या द्रवासाठी. मावा आणि मुंग्या यांचा असा व्यवहार शेती करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला असतो, परंतु करवतमाशीच्या अळीशीही मुंग्यांचे असे नाते असते हे रशियन कीटकशास्त्रज्ञ शेरबाकोव्ह यांनी २००६ मध्ये मांडले. या जातीबद्दल छापून आलेल्या मजकुरात मला ते सर्वांत रंजक वाटते.

एक पर्याय मात्र तपासून बाजूला ठेवावा लागेल. हेप्टामेलस या प्रजातीतील (म्हणजे जवळच्या जातींच्या गटातील) करवतमाश्यांच्या अळ्याही नेच्याचे दांडे आतून पोखरतात आणि लेडी फर्न हे त्यांचेही आवडते झाड आहे. त्या अळ्या फेस करत नाहीत. पोखरलेल्या जागेतून विष्ठेचा ओलसर भुगा बाहेर पडतो आणि पान शेंड्याकडून कोमेजते. आपण चिरलेल्या दांड्याच्या पोकळीत भुगा साठलेला होता की ती पोकळी स्वच्छ होती, हे कृपया कळवावे.

चतुष्पंख

मी प्रौढ कीटकाविषयीच लिहितो, कारण अळीचे वरील विवेचन मला पटले आहे.

चार पंख आणि बारीक नसलेली कंबर या दोन खुणांवरून तो करवतमाशी ठरतो, हे बरोबर आहे. खात्री करून घ्यायची असेल तर वक्षाच्या पाठीवर, मागच्या भागात, दोन बाजूंना दोन फिकट, खरबरीत ठिपके दिसतात का ते पाहावे. मिटलेले पंख त्यांवर अडकून जागच्या जागी राहतात. देठ पोखरणाऱ्या सेफिडी कुळाचा अपवाद सोडला तर सर्व करवतमाश्यांमध्ये हे ठिपके असतात आणि मधमाश्या, गांधीलमाश्या किंवा मुंग्या यांच्यात ते कधीच नसतात. छायाचित्रांवरून ओळख करणारे बहुतेक जण या खुणेकडे लक्ष देत नाहीत, हे मला नेहमी आश्चर्याचे वाटते, कारण पंख किंचित उघडे असलेल्या साध्या चित्रातही ती बऱ्याचदा दिसून जाते.

आता शृंगिकांकडे येऊ. करवतमाश्यांचे सर्वांत मोठे कुळ टेन्थ्रेडिनिडी. त्यात शृंगिकेला बहुधा नऊ खंड असतात. हेप्टामेलसमध्ये ते सात असतात. आर्जिडीमध्ये तीनच असतात आणि तिसरा खंड अतिशय लांब असतो, म्हणून आपल्याला ते कूळ सुचले. ब्लास्टिकोटोमाच्या शृंगिकेचीही ठेवण अगदी हीच आहे, पण त्या लांब तिसऱ्या खंडाच्या टोकाला चौथा, अतिशय चिमुकला खंड असतो. साध्या भिंगातून तो तिसऱ्या खंडाचेच निमुळते टोक वाटतो. त्यासाठी नमुना अल्कोहोलमधून काढून कागदावर किंचित वाळू द्यावा, प्रकाश एका बाजूने तिरका पाडावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली शृंगिकेचे फक्त टोक पाहावे. ओल्या नमुन्यावर पाण्याची चमक येते आणि सांधा दिसत नाही. दोन्ही शृंगिका पाहाव्यात. टोके सहज मोडतात आणि मोडलेल्या टोकावरून काहीही ठरवू नये.

पानगळ

पोकळी जवळजवळ स्वच्छ होती. भुगा साठलेला नव्हता आणि आतली भिंत ओलसर, गुळगुळीत दिसत होती. पानही कोमेजलेले नव्हते, त्याचा शेंडा ताठ होता.

नमुना वाळवून तिरक्या प्रकाशात पाहिला. उजव्या शृंगिकेच्या टोकाशी एक बारीक आडवी खाच दिसते आणि तिच्यापुढे फिकट रंगाचा लहानसा खंड आहे. त्याची लांबी त्याच्या रुंदीपेक्षा फारशी जास्त नसावी. डाव्या शृंगिकेवर तो नाही, मात्र तिथे टोक तुटल्यासारखे सपाट आहे. वक्षावरचे दोन ठिपकेही आहेत. उदराच्या टोकाशी खालच्या बाजूस दोन झडपा आणि त्यांच्यामध्ये करवतीचे, म्हणजे अंडी घालण्याच्या अवयवाचे, पाते दिसते, म्हणजे ही मादी आहे.

नेचेवाला

कीटकांतले मला कळत नाही, परंतु यजमान वनस्पतीवर एवढा भार टाकला जात असेल तर आधी नेचा पक्का करून घ्यावा, असे सुचवतो. लेडी फर्न, म्हणजे अथायरियम फिलिक्स-फेमिना, आणि ड्रायोप्टेरिस प्रजातीतील नेचे सावलीत शेजारी शेजारी वाढतात आणि लांबून सारखेच दिसतात. पानाच्या पाठीवरील बीजाणूंचे पुंजके पाहावेत. लेडी फर्नमध्ये ते लांबट, किंचित वाकलेले, काही ठिकाणी आकड्यासारखे असतात आणि त्यांवरील आवरणाची कड झालरदार असते. ड्रायोप्टेरिसमध्ये आवरण मूत्रपिंडाच्या आकाराचे असते.

आपण दांडा कापलेलाच आहे, म्हणून याहून सोपी खूण सांगतो. दांड्याच्या बुडाशी धारदार पात्याने आडवा काप घ्यावा आणि त्यातील वाहक ऊतींचे पुंज पाहावेत. लेडी फर्नमध्ये दोनच पुंज असतात, दोन्ही पट्टीसारखे चपटे आणि एकमेकांसमोर उभे. दांड्यात वर जाता जाता ते जोडले जाऊन एक होतात. ड्रायोप्टेरिसमध्ये लहान लहान गोल पुंज अनेक असतात आणि कमानीसारखे मांडलेले दिसतात. ऑस्ट्रिच फर्नमध्येही दोनच पुंज असतात, पण त्याची फुलदाणीसारखी बांधणी आणि मधोमध उभी राहणारी तपकिरी बीजाणुधारी पाने यांमुळे गफलत होण्याचे कारण नाही.

भिंगातून

ही कापाची खूण मी आता माझ्या नोंदींत लिहून ठेवली आहे. कीटक शोधणाऱ्यांनी ती अवश्य वापरावी. ब्लास्टिकोटोमाची अळी या तिन्ही प्रजातींच्या नेच्यांवर मिळालेली आहे, त्यामुळे नेचा वेगळा निघाला म्हणून ओळख कोसळणार नाही. तरीही नोंदीत यजमानाचे नाव अचूक असलेच पाहिजे, कारण एखाद्या प्रदेशात ही जात कोणता नेचा पसंत करते हे अशा नोंदी जमल्यावरच कळते.

शंकेखोर

आतापर्यंतच्या चर्चेत एक पायरी गाळली गेली आहे, असे माझे मत आहे. फेस, पोखरलेला दांडा आणि चार खंडांची शृंगिका यांवरून ब्लास्टिकोटोमिडी हे कूळ सिद्ध होते. कुळावरून थेट फिलिसेटी या जातीपर्यंत आपण कोणत्या आधारावर आलो? करवतमाश्यांत जवळच्या जाती वेगळ्या करताना मादीच्या करवतीचे पाते काढून, अल्कलीच्या द्रावणात स्वच्छ करून, काचपट्टीवर बसवून दात तपासावे लागतात, आणि नरांमध्ये जननेंद्रियांची तपासणी करावी लागते. रंगावरून आणि ढोबळ आकारावरून केलेली जातीची ओळख कितीतरी प्रजातींमध्ये टिकत नाही. येथे त्यांपैकी काहीही झालेले नाही.

दुसरा मुद्दा असा की प्रौढ कीटक जूनमध्ये जाळ्यात आला आणि अळी जुलैमध्ये दांड्यात मिळाली. एकाच बेटात मिळणे हा दोघांच्या नात्याचा पुरावा होत नाही.

भिंगातून

पहिला प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर भूगोलात आहे. ब्लास्टिकोटोमिडी कुळाच्या बहुतेक जाती पूर्व आशियातील आहेत. तिथे ब्लास्टिकोटोमाबरोबर रुनारिया आणि पॅरेम्फायटस या प्रजातीही येतात. हाच फेस, हाच दांडा आणि हीच शृंगिका जपानमधील एखाद्या डोंगरावरून आली असती, तर मी कुळाच्या नावापुढे एक अक्षरही लिहिले नसते आणि करवतीचे पाते पाहण्याचा आग्रह धरला असता. युरोपात मात्र या संपूर्ण कुळाची एकच जात आढळते. तिथे कूळ ठरले की जात ठरते. करवतीच्या दातांची गरज भासते ती दोन जवळच्या जातींमधून निवड करायची असेल तेव्हा. निवडीला दुसरा उमेदवारच नसेल तर तपासणी केल्याने नोंद भक्कम होईल, निष्कर्ष बदलण्याची शक्यता मात्र कमी.

हे उत्तर एका गृहीतकावर उभे आहे, ते म्हणजे दुसरी एखादी जात रोपांबरोबर बाहेरून आलेली नाही. नेचे बागांसाठी देशोदेशी जातात, आणि करवतमाश्या माणसाच्या पाठोपाठ प्रवास करतात याची उदाहरणे आहेत. मूळची पूर्व आशियातील, एल्म वृक्षाची पाने नागमोडी कुरतडणारी अप्रोसेरॉस ल्यूकोपोडा २००३ मध्ये युरोपात प्रथम मिळाली आणि २०२० मध्ये कॅनडात पोहोचल्याचे आढळले. म्हणून वनस्पती-उद्यानात किंवा रोपवाटिकेत असा फेस दिसला तर मी अधिक सावध राहीन. जुन्या नैसर्गिक जंगलात तेवढी शंका घेण्याचे कारण मला दिसत नाही.

दुसऱ्या प्रश्नावर मी आपल्याशी सहमत आहे, पण थोडी भर घालतो. प्रौढ आणि अळी यांची ओळख येथे एकमेकांवर अवलंबून नाही. अळी तिच्या फेसावरून आणि राहणीवरून ओळखली गेली. प्रौढ मादी तिच्या शृंगिकेवरून स्वतंत्रपणे ओळखली गेली. दोन वेगळ्या वाटा एकाच नावापाशी येतात. तरीही नोंद करताना दोन वेगळ्या नोंदी कराव्यात, एकीचा पुरावा दुसरीत मिसळू नये.

चतुष्पंख

डीएनएचा विषय कोणीतरी काढणारच, म्हणून आधीच लिहितो. प्राण्यांच्या ओळखीसाठी सामान्यतः सीओआय या जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा वाचला जातो आणि संग्रहातील ज्ञात क्रमांशी ताडून पाहिला जातो. करवतमाश्यांमध्ये या पद्धतीला मर्यादा आहेत. काही प्रजातींत शरीररचनेने स्पष्ट वेगळ्या असलेल्या जातींमध्ये हा तुकडा सारखाच निघतो, आणि काही ठिकाणी त्याने केलेले गट केंद्रकातील जनुकांशी जुळत नाहीत. अल्पज्ञात जातींच्या बाबतीत अडचण वेगळीच असते : संग्रहात तुलनेसाठी क्रम मोजकेच असतात, आणि संगणक सर्वांत जवळचा क्रम दाखवतो तेव्हा नवखा माणूस त्यालाच उत्तर समजतो. सर्वांत जवळचा म्हणजे पुरेसा जवळचा नव्हे. असे असले तरी अळीचा एक नमुना शुद्ध, तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवावा, असेच मी सांगेन, कारण अळी आणि प्रौढ यांचे नाते सिद्ध करण्यासाठी हा तुकडा उत्तम काम करतो. शंकेखोर यांचा दुसरा आक्षेप त्यानेच निकालात निघेल.

शंकेखोर

भूगोलाचा युक्तिवाद मला मान्य आहे, तो नोंदीत स्पष्ट लिहिला जाणार असेल तर. “युरोपातील एकमेव जात या कारणाने” हे शब्द नसतील, तर पुढे वाचणाऱ्याला वाटेल की करवतीचे पाते तपासले गेले होते.

आणखी एक सूचना करतो. या कुळाविषयी बोलताना “प्राचीन वनस्पतीवर जगणारा प्राचीन कीटक” असे वाक्य हमखास येते. करवतमाश्यांच्या वंशवृक्षात ब्लास्टिकोटोमिडीची फांदी आपल्या नातेवाइकांपासून लवकर फुटलेली आहे, हे खरे. पण नेचे खाणाऱ्या करवतमाश्या एकाच फांदीवर नाहीत. टेन्थ्रेडिनिडीतील स्ट्राँगिलोगॅस्टर नेच्याची पाने उघड्यावर बसून खाते, हेप्टामेलस दांडे पोखरते, ब्लास्टिकोटोमाही दांडे पोखरते, आणि ही तिन्ही वेगवेगळ्या कुळांतील आहेत. तेव्हा नेच्याकडे वळणे एकापेक्षा अधिक वेळा घडले असण्याचीच शक्यता मला जास्त वाटते. सुंदर गोष्ट रचण्याचा मोह ओळखीच्या चर्चेत तरी टाळावा.

पानगळ

सर्वांच्या सूचनांप्रमाणे तपासणी पुढे नेली. दांड्याच्या कापात दोन चपटे पुंज समोरासमोर दिसतात आणि बीजाणूंचे पुंजके आकड्यासारखे वाकलेले आहेत, म्हणजे नेचा लेडी फर्नच आहे. एक अळी तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवली आहे. मादीचा नमुना टाचणीवर लावण्यापूर्वी तिचा एक मधला पाय डीएनएसाठी वेगळा काढून ठेवला, जेणेकरून शरीर अखंड राहील.

आता प्रश्न उरतो तो अळ्या वाढवण्याचा. दांडे कापून आणल्यास त्या जगतील का?

अळीपाळ

कापलेला दांडा लवकर सुकतो, आणि रसावर जगणाऱ्या अळीसाठी सुकलेला दांडा म्हणजे उपासमार. पाण्यात उभा ठेवलेला दांडाही फार काळ साथ देत नाही. शक्य असल्यास, आणि जमिनीच्या मालकाची परवानगी असल्यास, पूर्ण वाढ होत आलेल्या अळीचे अख्खे झाड मुळांसह कुंडीत घ्यावे, किंवा त्याहून बरे म्हणजे ते जागेवरच ठेवून त्या पानाभोवती बारीक जाळीची पिशवी बांधावी आणि तिचे तोंड खाली मातीत दाबावे. बहुतेक करवतमाश्यांच्या अळ्या पोसल्या की मातीत उतरतात, कोष करतात आणि हिवाळा तशाच काढतात. कोषातील अळी लगेच रूप बदलत नाही; हिवाळा उलटल्यावरच ती पुढची अवस्था गाठते. म्हणून घरात उबेला ठेवलेले डबे निष्फळ ठरतात. माती ओलसर राहावी, चिंब नसावी; वर शेवाळाचा पातळ थर असला की बुरशी कमी धरते असा माझा अनुभव आहे. पहिल्या उन्हाळ्यात काहीच बाहेर आले नाही तरी माती फेकू नये, कारण काही करवतमाश्या कोषात एकापेक्षा अधिक हिवाळे काढतात.

कोषातून करवतमाशीऐवजी बारीक कंबरेची, लांब शृंगिकांची एखादी परजीवी गांधीलमाशी बाहेर आली, तर निराश होऊ नये आणि ती फेकूनही देऊ नये. एवढ्या कमी अभ्यासलेल्या यजमानावरील परजीवीची नोंद यजमानाच्या नोंदीइतकीच मोलाची असते. तिच्यासोबत रिकामा कोष त्याच कुपीत ठेवावा.

भिंगातून

या जातीचे प्रौढ क्वचितच जाळ्यात येतात, म्हणून जुन्या संग्रहांत ती दुर्मीळ दिसते. अळीचा फेस मात्र योग्य ऋतूत, योग्य नेच्यावर शोधला तर दुरूनही दिसतो. ती खरोखर दुर्मीळ आहे की आपण तिला चुकीच्या अवस्थेत शोधत आलो, या प्रश्नात मी दुसऱ्या बाजूचा आहे. म्हणून प्रत्येक फेसासाठी अळी मारण्याची गरज नाही. छायाचित्रे तीन घ्यावीत : फेस जसाच्या तसा, फेस पुसल्यावरचे छिद्र, आणि पानाच्या पाठीवरील बीजाणू. छिद्र दाखवणारे चित्र नसेल तर तुडतुड्याची शक्यता कोणी नाकारू शकणार नाही आणि नोंद तशीच लोंबकळत राहील. मुंग्या असतील तर त्यांचेही जवळून चित्र घ्यावे. कोणत्या प्रजातीच्या मुंग्या येतात हे मुंग्यांचा अभ्यास करणारे त्यावरून सांगू शकतात.

पानगळ

नोंद पुढीलप्रमाणे करत आहे. अळी : ब्लास्टिकोटोमा फिलिसेटी, यजमान अथायरियम फिलिक्स-फेमिना, दांड्याच्या आत, छिद्राशी फेस, मुंग्यांची उपस्थिती, ओळख राहणीवरून, युरोपातील कुळाची एकमेव जात या कारणाने. प्रौढ मादी : तेच नाव, स्वतंत्र नोंद, ओळख उजव्या शृंगिकेच्या चौथ्या खंडावरून आणि त्याच भौगोलिक कारणाने, डावी शृंगिका टोकाशी मोडलेली, करवतीचे पाते तपासलेले नाही. दोन्हींचा जनुकीय तुकडा वाचून आला की तो याच धाग्यावर जोडीन.

शंकेखोर

अशा शब्दांत असेल तर माझा आक्षेप नाही. फक्त मादीच्या चिठ्ठीवर “मधला डावा पाय काढलेला” की “उजवा” हेही लिहावे; नाहीतर पुढचा तपासनीस तो पाय कुपीच्या तळाशी शोधत बसेल.